पाचशेच तबकड्या काढल्या होत्या

माझ्या टेबलावर सात इंची एक तबकडी आहे. मधलं भोक दीड इंचाचं, अंगठा सहज आत जाईल एवढं. ज्यांनी आपल्याकडच्या एचएमव्हीच्या ईपी, म्हणजे छोट्या तबकड्या, हाताळल्यात त्यांना हे विचित्र वाटेल. त्याही सात इंची आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, पण त्यांचं भोक बहुधा बारीक असायचं. ही अमेरिकेतली आहे, वाजवायची तर मधे एक चकती बसवावी लागते. माझी मावसबहीण मिनियापोलिसला राहते. तिथे एका घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यातून तिने ती एका डॉलरला उचलली आणि सुट्टीत येताना साडीच्या घडीत घालून आणली.

गाणं 'लायर, लायर', बँड द कास्टअवेज, साल १९६५. तबकडी काढणारी कंपनी सोमा. वाचताना आपल्याला वेदातला सोम आठवतो, पण तसं काही नाही. एमॉस हाइलिकर नावाच्या वितरकाने स्वतःचं पहिलं नाव इंग्रजीत उलटं लिहिलं आणि सोमा झालं. त्या गोल कागदी लेबलवर निळ्या बॉलपेनने एका मुलीचं नाव लिहिलंय. जो तो आपापल्या तबकड्या घेऊन पार्टीला जायचा, मग निघताना अदलाबदल होऊ नये म्हणून नाव घालून ठेवायची पद्धत होती. आपण भांड्यांवर घालतो तसंच.

ही तबकडी दुर्मीळ नाही. गाणं देशभर चाललं, बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत चढलं, प्रती भरपूर निघाल्या. पण त्याच वर्षांत, तशाच गावांत, तशाच वयाच्या मुलांनी काढलेल्या इतर असंख्य तबकड्या होत्या. एक बँड, एक तबकडी, पाचशे प्रती, आणि खेळ खलास. त्यातल्या काहींना आज हजारो डॉलर पडतात. गाणं तेवढंच छोटं, प्लास्टिकही तेच. मग एकीची किंमत एक डॉलर आणि दुसरीची काही हजार, हे कसं? त्याचं उत्तर गाण्यापेक्षा ती तबकडी तयार कशी व्हायची यात जास्त सापडतं.

या मुलांच्या संगीताला आज 'गॅरेज रॉक' म्हणतात. आधी त्या नावाबद्दल. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की स्कूटर उघडून बसलेला मेकॅनिक डोळ्यांसमोर येतो. इथे गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, गाडी ठेवायची खोली. वडील गाडी बाहेर काढायचे आणि मुलं आत ड्रम मांडायची. 'गॅरेज रॉक' हे नाव त्या मुलांना ठाऊकही नव्हतं, ते नंतरच्या लोकांनी लावलं. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स पहिल्यांदा एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं, आणि त्यानंतर अमेरिकेत गल्लोगल्ली बँड उगवले. सिअर्स या दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन गिटार घरपोच मागवता यायची. तिचं एक मॉडेल तर असं होतं की गिटारच्या पेटीतच अँप्लिफायर बसवलेला. पेटी उघडायची, वायर जोडायची आणि सुरू. फार्फिसा किंवा व्हॉक्सचा उचलून नेता येईल असा छोटा ऑर्गन कुणीतरी आणायचं. तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे तीन गट, येत असले की पुरे.

त्या आवाजातली घरघर कुठून येते, असं पुष्कळ जण विचारतात. १९६१ मध्ये नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक भाग बिघडला आणि मार्टी रॉबिन्सच्या गाण्यात बास गिटारचा आवाज फाटून आला. लोकांना तो आवडला. पुढच्याच वर्षी मुद्दाम तसा आवाज काढणारा मॅस्ट्रो फझ-टोन हा डबा बाजारात आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजला आणि मग दुकानांत शिल्लक राहिला नाही. बिघाडातून आलेला आवाज पायाने खटका दाबून काढता येऊ लागला. या संगीताचा स्वभाव मला इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

या सगळ्या मुलांचं मूळ गाणं एकच, 'लुई लुई'. रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने ते लिहिलं आणि १९५७ मध्ये काढलं. जमैकाचा एक खलाशी बारवाल्याला आपल्या प्रेयसीबद्दल सांगतोय, एवढाच विषय. लग्नाच्या खर्चासाठी बेरीने पुढे त्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले. ६ एप्रिल १९६३ रोजी ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये किंग्जमेन नावाच्या बँडने ते रेकॉर्ड केलं. खर्च ५० डॉलरच्या आसपास. माइक छताजवळ टांगलेला, खाली वाद्यांचा गदारोळ, त्यामुळे गायक जॅक इलीला मान वर करून ओरडावं लागलं. दातांना तारा लावलेल्या. शब्द काय कळणार? गिटारचा तुकडा संपल्यावर तो घाईने एक ओळ आधीच सुरू करतो, चूक लक्षात येऊन थांबतो, आणि ड्रमवाला मधली जागा ड्रम वाजवून भरून काढतो. ऐकताना आजही ती जागा आली की मी थांबतो. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला ना पैसे होते ना वेळ, म्हणून चूक तशीच राहिली. पुढे पोरांनी त्यांच्या त्यांच्या गॅरेजमध्ये ते गाणं उचललं तेव्हा ती चूकही उचलली.

गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. शब्द कळत नाहीत म्हणजे अश्लीलच असणार, अशा तक्रारी पालकांनी केल्या आणि एफबीआयने खरोखर चौकशी केली. प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या गतींवर वाजवून पाहिली. कुठल्याच गतीवर काही समजत नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्याने ते गायलं त्या इलीला मात्र कुणी विचारलंच नाही.

आता तबकडी कशी बनते ते पाहू, कारण दुर्मीळपणाचं कारण तिथेच आहे.

स्टुडिओत आवाज टेपवर उतरतो. ती टेप वाजवत एक यंत्र लाखेसारखा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर सुईने खाच कोरत जातं. या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा देऊन वर विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात. निकेल सोलून काढलं की खाचेच्या जागी उंचवटा असलेला उलटा साचा मिळतो. दोन बाजूंचे दोन साचे, मधे तापवून मऊ केलेलं व्हिनाइल नावाचं प्लास्टिक, वर-खाली कागदी लेबल, आणि दाब. झाली तबकडी. इडलीच्या साच्यासारखंच, फक्त इथला साचा घडवायलाच खरी मेहनत आणि खरा पैसा लागतो. एकदा तो झाला की पाचशेवी प्रत पहिलीइतकीच सहज निघते. म्हणून शंभर प्रती काढणं परवडायचं नाही आणि पाच हजारांचे पैसे नसायचे. पाचशे किंवा हजार, असा आकडा ठरायचा.

आणि हे काम कुणालाही करून मिळायचं, ही त्या काळातली मोठी गोष्ट. सिनसिनाटीची राइट रेकॉर्ड्स ही कंपनी पैसे भरणाऱ्या कुणाच्याही तबकड्या छापून द्यायची, मग तो चर्चमधला गायकवर्ग असो, शाळेचा बँड असो की गॅरेजमधली पोरं. मिनियापोलिसच्या के बँक स्टुडिओत रेकॉर्डिंगपासून तबकडीपर्यंतचं काम एका छपराखाली व्हायचं. लेबलचं, म्हणजे तबकडी काढणाऱ्या कंपनीचं, नाव तुम्हीच ठरवायचं. त्यामुळे पुष्कळ लेबलांवर आयुष्यात एकच तबकडी निघाली. आपल्याकडे एखादा कवी पदरमोड करून कवितासंग्रह काढतो, प्रकाशनाच्या नावाच्या जागी मुलीचं नाव टाकतो, निम्म्या प्रती भेट देतो आणि बाकीच्या माळ्यावर जातात. अगदी तसंच.

तबकड्या खोक्यांतून घरी यायच्या. मग त्या कार्यक्रमाच्या दारात विकायच्या, गावातल्या वाद्यांच्या दुकानात ठेवायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेडिओ स्टेशनवर एक प्रत नेऊन द्यायची. त्या वेळी स्टेशनं स्थानिक होती. निवेदकाला एखादं गाणं भावलं तर तो त्याच संध्याकाळी लावू शकायचा. ह्यूस्टनचा मूव्हिंग साइडवॉक्स हा बँड १९६७ मध्ये '९९थ फ्लोअर' या गाण्याने आपल्या शहरात पहिल्या क्रमांकावर होता आणि बाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्यातला गिटारवाला बिली गिबन्स पुढे झीझी टॉप या बँडमधून जगभर पोचला.

ही साखळी शेवटच्या टोकापर्यंत क्वचितच जुळायची. पण जुळली तर काय व्हायचं, त्याचं उदाहरण मिशिगनचं आहे. बँडचं नाव क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स. गायकाचं नाव म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह. ही सॅगिनॉ आणि बे सिटी भागातली मेक्सिकन वंशाची मुलं. त्यांची कुटुंबं शेतमजुरी करत टेक्साससारख्या ठिकाणाहून उत्तरेला आलेली आणि मोटारींच्या कारखान्यांच्या आसऱ्याने स्थिरावलेली. १९६६ मध्ये बे सिटीत एका घराच्या मागच्या भागातल्या छोट्या स्टुडिओत त्यांनी '९६ टिअर्स' रेकॉर्ड केलं. त्यांच्या मॅनेजर लिली गोन्झालेस यांच्या पा-गो-गो या घरगुती लेबलवर ते निघालं. ऑर्गनचा टुणटुणता आवाज, दोनच कॉर्डवर हेलकावणारं गाणं. आजूबाजूच्या शहरांतल्या रेडिओने ते उचललं, फिलाडेल्फियाच्या कॅमिओ कंपनीने हक्क घेतले आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आता गंमत पाहा. कॅमिओची प्रत आजही थोडक्या पैशांत मिळते, आणि पा-गो-गोची मूळ प्रत मिळवायला संग्राहक जिवाचं रान करतात. गाणं तेच. एकीकडे कारखान्याने ओतलेल्या लाखो, दुसरीकडे घरच्यांनी काढलेल्या मोजक्या.

म्हणजे तबकडी दुर्मीळ व्हायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. मुळात प्रती कमी निघायला हव्यात, आणि निघाल्या त्या जपण्याचं कुणाला काही कारण नसावं. दुसरी गोष्ट जास्त घातक. पाचशेपैकी दोनशे विकल्या जायच्या. विकत घेणारी पोरं त्या जड, बोथट सुईच्या रेकॉर्ड प्लेअरवर झिजेपर्यंत वाजवायची. उरलेल्या तीनशे कुणाच्या तरी तळघरात. मुलगा शिकायला बाहेर गेला, आईवडिलांनी घर बदललं, तळघरात पाणी शिरलं, की खोकं कचऱ्यात. त्यातून काही तबकड्या पॉलिस्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असायच्या. स्वस्त पडायच्या, पण खाच लवकर खराब व्हायची आणि पडली की टिचायची.

पुढे नाव काढलेल्या माणसांच्या पहिल्या तबकड्या याच ढिगात आहेत. ॲन आर्बरचा इग्वानाज हा शाळकरी बँड. १९६५ मध्ये त्यांनी फोर्टे या लेबलवर 'मोना' काढलं. त्यांच्या ड्रमरला बँडच्याच नावावरून पुढे इगी म्हणू लागले, तोच इगी पॉप. डेट्रॉइटच्या प्लेझर सीकर्समध्ये सगळ्या मुलीच होत्या. त्यात सूझी क्वाट्रो होती, आणि त्यांची तबकडी हाइडआउट या लेबलवर निघाली. हाइडआउट हे मुळात पोरापोरींच्या नाचाच्या क्लबचं नाव. टेक्सासमध्ये रॉकी एरिक्सनने 'यू आर गोना मिस मी' हे गाणं १९६५ मध्ये आधी स्पेड्स या बँडबरोबर झीरो नावाच्या लेबलवर काढलं. काही महिन्यांनी तेच गाणं तो थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सबरोबर पुन्हा गायला, सोबत मडक्यात तोंडाने हुंकार भरत वाजवणारा टॉमी हॉल. ते ५५व्या क्रमांकापर्यंत गेलं. स्पेड्सची तबकडी मात्र आता हाती लागणं कठीण.

ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट आणखी पुढची. १६ वर्षांचा असताना, मे १९६६ मध्ये, कास्टिल्स या बँडबरोबर न्यू जर्सीतल्या ब्रिकटाउनमध्ये एका छोट्या स्टुडिओत त्याने दोन गाणी रेकॉर्ड केली. साचा बनवण्याइतके पैसेच नव्हते. म्हणून मघाशी सांगितलेल्या लाखेच्या थराच्या चकतीवरच गाणी थेट कोरून मोजक्या प्रती घेतल्या. याला ॲसिटेट म्हणतात. थर मऊ असतो, प्रत्येक वेळी वाजवताना सुई त्यातलं थोडं खरवडून नेते. ऐकलं की झिजतं आणि जपायचं तर ऐकायचं नाही, अशी अडचण. त्यातलं 'बेबी आय' अधिकृतपणे बाहेर यायला २०१६ साल उजाडलं.

१९६७ नंतर हा बहर ओसरला. एक कारण उघड आहे, व्हिएतनाम. १९६६ या एका वर्षात ३ लाख ८२ हजार तरुणांना सक्तीने लष्करात भरती केलं गेलं. चौघांच्या बँडमधल्या एकाला पत्र आलं की बँड संपला. जो कॉलेजात राहील त्याची भरती लांबणीवर पडायची, त्यामुळे बाकीचे अभ्यासाला लागले. शिवाय रेडिओ आवळला गेला. लॉस एंजेलिसच्या केएचजे स्टेशनने मोजकीच गाणी फिरवत ठेवायची पद्धत यशस्वी केली आणि इतरांनी तिची नक्कल केली. त्या यादीत गावातल्या पोरांना जागा नव्हती. आणि ऐकणाऱ्यांनाही आता दोन मिनिटांच्या गाण्याऐवजी चाळीस मिनिटांचा अल्बम हवा होता.

मग हे सगळं विस्मरणातून परत कसं आलं? १९७२ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने 'नगेट्स' नावाचा दोन तबकड्यांचा संग्रह काढला. त्यात २७ गाणी, निवड लेनी केची. तो तेव्हा संगीतावर लिहायचा, पुढे गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. जेमतेम सहा-सात वर्षांपूर्वीची गाणी, पण त्याने ती जुनं सोनं मांडावं तशी मांडली. सोबतच्या टिपणात त्याने यांना 'पंक रॉक' म्हटलं. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये त्या नावाची लाट येण्याआधीची ही गोष्ट आहे. लेनी केच्या संग्रहात बऱ्यापैकी गाजलेलीच गाणी जास्त होती. खोल खणायला सुरुवात झाली ती १९७८ च्या सुमारास, ग्रेग शॉने सुरू केलेल्या 'पेबल्स' मालिकेपासून. तिच्या पहिल्या भागात पहिलंच गाणं मिनियापोलिसच्या लिटर या बँडचं 'ॲक्शन वूमन'. पुढे १९८३ पासून टिम वॉरनने 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' काढायला घेतलं. त्याने कोण कुठे राहतं ते हुडकून फोन लावले, गाडी घेऊन गावोगाव हिंडला, चाळिशीकडे झुकलेल्या माणसांकडून त्यांच्या सतराव्या वर्षाच्या आठवणी घेतल्या आणि छापल्या. संगीताच्या इतिहासात मला ही कामगिरी फार मोठी वाटते. विद्यापीठांनी हे केलं नाही, कंपन्यांनी केलं नाही. ज्यांना ती गाणी आवडली त्यांनी केलं.

किमती चढल्या तसे नकली मालही आले. मूळ तबकडी ओळखायची तर गाण्याची खाच संपते तिथे बघायचं. लेबल आणि खाच यांच्या मधे एक गुळगुळीत पट्टा असतो. तबकडी खिडकीशी धरून तिरकी केली की त्यात बारीक आकडे दिसतात, कधी ठशाचे, कधी हाताने खरवडलेले. तो साच्याचा क्रमांक. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या तबकड्यांवर एक छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असतो, आणि तो आकडा क्रमाने वाढत जातो. राइटच्या क्रमांकांवरूनही साल काढता येतं. ज्या तबकडीवर ना साल ना गाव, फक्त बँडचं नाव, तिचं वय अशा आकड्यांवरून जाणकार सांगतात, नाडीवरून वैद्याने सांगावं तसं. नकली प्रतीत हे आकडे नसतात किंवा वेगळे असतात, लेबलावरची अक्षरं फोटोचा फोटो काढल्यासारखी फुटलेली असतात, आणि गाण्याच्या आधीच्या शांततेत दुसऱ्याच कुठल्यातरी झिजलेल्या तबकडीची खरखर ऐकू येते.

आपल्या मुंबईतही याचा एक धागा येऊन पोचला होता. सिमला सिगारेटच्या नावाने बँडच्या स्पर्धा व्हायच्या, देशभरातली कॉलेजातली पोरं त्यात वाजवायची, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या 'सिमला बीट' नावाच्या लाँग प्ले तबकड्या निघाल्या. तोच फझ, तोच ऑर्गन. परदेशातले संग्राहक आज त्या मूळ प्रतींच्या शोधात असतात. कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांचं खोकं असेल तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा, एवढी माझी मनापासून विनंती आहे. आणि पाणी लागलेलं असेल तरी फेकू नका.

हे शेवटचं सांगण्याला कारण आहे. न्यूयॉर्कची नॉर्टन रेकॉर्ड्स ही अशाच विसरलेल्या गाण्यांना वाहिलेली छोटी कंपनी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने ब्रुकलिनच्या रेड हुक भागातलं त्यांचं गोदाम बुडवलं. बातमी कळताच ओळखीची-अनोळखी माणसं मदतीला आली. भिजून लगदा झालेली पाकिटं त्यांनी काढून टाकली, तबकड्या एकेक करून स्वच्छ पाण्यात धुतल्या, पुसल्या आणि वाळत घातल्या. कागद गेला होता. व्हिनाइलच्या खाचेला काहीच झालं नव्हतं.